नागपूरचं चोवीस वर्षं थांबलेलं बोइंग आणि रात्रीचे डाकोटा

आजचा एपिसोड ऐकायचा नसेल, वाचायचा असेल, तर ही घ्या त्याची लेखी आवृत्ती. बोलताना झालेलं "म्हणजे", "तर", "ॲक्च्युअली" मी जमेल तितकं काढलंय. राहिलं असेल तर सांभाळून घ्या.

गोष्ट २०१३ ची. मी शाळेत होतो. उमरेडहून नागपूरला आलो, सोनेगावच्या विमानतळावर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो. विमान रनवेकडे निघालं तेव्हा खिडकीतून एक जुनं, मळकं, चार इंजिनांचं जेट दिसलं. आजूबाजूला गवत. मला वाटलं, बिघडलं असेल, दोन-चार दिवसांत दुरुस्त होईल.

ते विमान १९९१ पासून तिथंच उभं होतं! माझ्या जन्माच्याही आधीपासून.

ते होतं बोइंग ७२०. मालक कॉन्टिनेंटल एव्हिएशन नावाची खाजगी कंपनी. इंजिनात बिघाड झाला म्हणून नागपूरला उतरलं आणि परत उडालंच नाही. चोवीस वर्षांनी, २०१५ मध्ये, ते रनवेजवळून हलवलं गेलं. योगायोग पाहा, त्याच वर्षी तिथून जवळच, मिहानमध्ये, बोइंगने बांधलेलं विमान-दुरुस्ती केंद्र सुरू झालं.

बोइंग ७२० म्हणजे प्रसिद्ध ७०७ चा धाकटा भाऊ. लांबीला कमी, वजनाला हलका. १९५९ मध्ये पहिलं उड्डाण, १९६० पासून प्रवासी सेवा. जगात एकूण १५४ च बनले. त्यातलं एक आपल्या नागपुरात उभं होतं आणि मी त्याचा फोटो काढला नाही. मोबाइल खिशात होता, पण "बंद ठेव" म्हणून घरच्यांनी बजावलं होतं. ही खंत अजून आहे, आणि या एपिसोडचं खरं कारणही तेच आहे.

आता मुद्द्यावर येतो. जुन्या विमानांचे फोटो काढणारे लोक जगभर आहेत. आपल्याला वाटतं, रिकामटेकडा छंद. पण एखाद्या विमानाने चाळीस वर्षांत काय काय केलं, हे शोधायला बसलं की याच लोकांचे फोटो कामी येतात. कसं, ते सांगतो.

विमानाला दोन नंबर असतात. एक रजिस्ट्रेशन, आपल्या गाडीच्या नंबरप्लेटसारखं. आमच्याकडे गाडीवर एमएच ४० असतं, तसं भारतीय विमानावर व्हीटी असतं. ही अक्षरं इंग्रजांच्या काळात मिळाली आणि अजूनही तीच आहेत. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पस मॉथ विमान होतं व्हीटी-एडीएन. दुसरा असतो कारखान्याचा क्रमांक, गाडीच्या चेसिस नंबरसारखा. मालक बदलला, देश बदलला की नंबरप्लेट बदलते. चेसिस नंबर तोच राहतो. कोडिंग करणाऱ्यांसाठी सांगतो : रजिस्ट्रेशनला प्रायमरी की समजू नका, डेटाबेस गंडेल.

उदाहरण घ्या. आपल्या हवाई दलाकडे 'परशुराम' नावाचं डाकोटा आहे. त्यावर लिहिलंय व्हीपी ९०५. हा नंबर फार मोठा आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला पोहोचलेल्या डाकोटाचा तो नंबर. पण आज उडतं ते विमान वेगळं आहे. हे १९४४ चं. आधी ब्रिटिश हवाई दलात केएन ३९७, मग ब्रिटनमध्येच जी-एएमएसव्ही या नावाने नागरी कामात. समुद्रात तेल सांडलं की त्यावर औषध फवारायचं कामसुद्धा त्याने केलं. ते भंगारात जाणार होतं. राजीव चंद्रशेखर यांनी ते घेतलं, दुरुस्त करवलं आणि हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील स्वतः डाकोटाचे वैमानिक. एप्रिल २०१८ मध्ये ते उडत उडत भारतात आलं.

म्हणजे नंबर एका विमानाचा आणि शरीर दुसऱ्याचं. यात फसवाफसवी नाही, तो मान आहे. पण नुसती शेपटी वाचून इतिहास लिहिला असता तर चुकला असता. ब्रिटनमधल्या छंदी लोकांनी दर काही वर्षांनी त्याचे फोटो काढून ठेवले, म्हणून जुन्या रंगाखालचं विमान ओळखता येतं.

आता नागपूरकडे परत येऊ. कारण डाकोटाची सगळ्यात भारी गोष्ट आपल्याच गावची आहे.

३० जानेवारी १९४९. त्या रात्रीपासून नाइट एअर मेल सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री. कल्पना एकदम साधी. संध्याकाळनंतर मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून एकेक विमान टपाल घेऊन निघणार. चौघंही मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला भेटणार. थैल्यांची अदलाबदल करणार. आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत.

नागपूरच का? नकाशा पाहा. चारही शहरं इथून हवाई मार्गाने साधारण सातशे ते हजार किलोमीटरवर. डाकोटा ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरने जायचं, म्हणजे तीन-चार तास. रात्रीत जाणं-येणं बरोबर बसतं. आणि थेट विमानं सोडायची म्हटली तर चार शहरांच्या सहा जोड्या होतात, प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी विमान. मधे एक हब ठेवला की चार विमानांत काम भागतं. आज कुरिअर कंपन्या हेच करतात. आपण १९४९ मध्ये सोनेगावला करून राहिलो होतो!

सुरुवातीला हिमालयन एव्हिएशनसारख्या खाजगी कंपन्या होत्या. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि काम इंडियन एअरलाइन्सकडे आलं. त्यांच्या पहिल्या ताफ्यात ७४ डाकोटा होते. महायुद्ध संपल्यावर सैन्याची शिल्लक विमानं स्वस्तात मिळाली, बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांतली कित्येक प्रवाशांसाठी तयार झाली. जी विमानं सैनिक आणि रसद वाहायला बनली होती, त्यांत आता मनीऑर्डरी आणि लग्नपत्रिका होत्या.

पण हे सगळं गोड नव्हतं. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नागपूरहून मद्रासला निघालेलं डाकोटा व्हीटी-सीएचएफ उड्डाणानंतर लगेच कोसळलं. १३ माणसं गेली. त्यांत कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. वैमानिक तेवढा वाचला. व्हीटी-सीएचएफची नोंद तिथं संपते. विमानांच्या यादीत ही एक ओळ असते, शेवटच्या रकान्यात तारीख आणि नागपूर. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुढे सरकलोच नाही. त्याच सोनेगावहून मी दिवाळीला ये-जा करतो.

आमच्या शेजारी टपाल खात्यातून रिटायर झालेले एक काका राहायचे. ते म्हणायचे, "बावा, मुंबईची चिट्ठी रात्रीतून नागपूरले यायची, अन् नागपूरहून उमरेडले यायले तिले छोटी गाडी लागायची." मला ती गंमत वाटायची. मी कधी खोदून विचारलं नाही. आता काका नाहीत, आणि नागपूर-नागभीडची ती छोटी गाडीही बंद झाली.

मग आपल्याकडे फोटो इतके कमी का? एक कारण कायद्याचं. १९३७ च्या विमान नियमांतला १३ वा नियम विमानतळावर परवानगीशिवाय फोटो काढू देत नव्हता. सुरक्षेचा प्रश्न आहे, मी त्याची टिंगल करत नाही. पण परिणाम असा, की आपल्या विमानांचे चांगले फोटो बरेचदा लंडनला किंवा हाँगकाँगला उभ्या असलेल्या माणसाने काढलेले असतात. परदेशी गेलेली विमानं दिसतात. नागपूरला मध्यरात्री थैल्या बदलणारी दिसत नाहीत.

तरी काही फोटो नक्की आहेत. ते घराघरांत आहेत. कुणाचे आजोबा टपालात होते, कुणाचे विमानतळावर लोडर होते, कुणी लग्नानंतर पहिल्यांदा विमानात बसताना शिडीवर उभं राहून फोटो काढला होता. तो अल्बम रद्दीत जायच्या आधी एकदा उघडा. माणसांच्या मागे पाहा. पंखाखाली, दाराजवळ, शेपटीवर व्हीटी आणि पुढची तीन अक्षरं दिसतात का? दिसली तर मोबाइलने फोटो काढा, मागच्या बाजूचाही, कारण तारीख आणि गाव तिथंच लिहिलेलं असतं. आणि घरातलं कुणी सांगू शकत असेल, तर आजच विचारा. मी काकांना विचारलं नाही, तुम्ही तरी विचारा.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!