वंशावळीतील रिकामी जागा

स्मरणिकेसाठी ‘घराण्याचा इतिहास कसा शोधावा’ या विषयावर चार शब्द लिहावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. भिवंडी तालुक्यात मुलांस बाराखडी शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. तथापि निवृत्तीनंतर स्वतःच्या घराण्याची वंशावळ जुळविण्याचा उद्योग आम्ही केला. त्यातील अनुभव ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

प्रथम खानेसुमारीकडे वळलो. आपल्या देशातील पहिली खानेसुमारी १८७२ ची, आणि सर्वत्र एकाच वेळी झालेली पहिली १८८१ ची. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात ज्ञातींची वर्णने व आकडे आहेत; परंतु आकड्यांत कोणाचा पणजोबा सापडत नाही. घरोघरची माहिती तर १९४८ च्या कायद्याने गोपनीय ठेवली आहे. अमेरिकेत रीत निराळी. तेथे मूळ तक्ते ७२ वर्षांनंतर सर्वांस पाहावयास मिळतात. १९५० चे तक्ते २०२२ साली खुले झाले. तेथे राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले की, त्याचे शेजारी या तक्त्यांवरूनच पूर्वज शोधतात. मात्र १७९० पासून १८४० पर्यंतच्या तक्त्यांत नाव केवळ कुटुंबप्रमुखाचे असे. बायकामुले ही वयोगटाच्या रकान्यातील संख्या. १८५० पासून सर्व स्वतंत्र माणसांची नावे लिहू लागले, गुलामांची मात्र तेव्हाही नाहीत. म्हणून पणजीचे माहेर शोधावयाचे झाल्यास तेथील लोक विवाहाच्या नोंदवह्या चाळतात.

हे ऐकून आम्ही आमचीच वंशावळ पुन्हा उघडली. तीत सात पिढ्या होत्या. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबा व त्यांचे बंधू मिळाले होते, जमिनीच्या फेरफारात वारस मिळाले होते, शाळेच्या जनरल रजिस्टरात चुलत्यांच्या जन्मतारखाही मिळाल्या होत्या. परंतु एकाही आजीचे माहेर त्यात नव्हते. श्राद्धात माता, पितामही, प्रपितामही असा नामोच्चार आपण करतो खरा; पण तो सासरच्या नावाने व सासरच्याच गोत्राने. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावे फेरफारात येऊ लागली. पुष्कळ घरांत ती हक्कसोडपत्रावर सही करण्यापुरतीच आली.

आमच्या आजीने आम्हांस लहानाचे मोठे केले. तिचे माहेरचे नाव काय, हे आम्ही तिला कधी विचारले नाही. मुलांस इतिहास शिकविणाऱ्या मास्तरास ही लाज वाटावी अशीच गोष्ट. पुढे माळ्यावरील पेटीत तिच्या लग्नाची याद सापडली. अक्षर मोडी; एका वृद्ध स्नेह्यांनी ती वाचून दिली. देणेघेणे, मानपान, आणि त्यांच्यामध्ये वधूचे नाव, तिच्या वडिलांचे नाव व शहापूर तालुक्यातील गाव. आम्ही त्या गावी गेलो. तिच्या भावाच्या नातवंडांनी अगत्याने बसवून घेतले, आपली वंशावळ दाखविली. तीतही ती नव्हती. सासरी नाव बदलले म्हणून ती आमच्याकडे हरवली, आणि मुलगी परघरची म्हणून त्यांच्याकडे लिहिलीच गेली नाही. त्या दिवशी त्यांच्या कागदावर आम्ही आमच्या हाताने तिचे नाव लिहिले.

म्हणून विनंती एवढीच. घरातील जुन्या यादी, लग्नपत्रिका, आहेराच्या वह्या रद्दीत घालू नयेत. मोडी असल्यास जाणकाराकडून वाचून घ्याव्यात. वंशावळीत प्रत्येक सुनेचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव व गाव लिहावे, आणि मुलीही लिहाव्यात. येत्या दिवाळीत घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांजवळ बसून हे विचारून घ्यावे. आम्ही विचारावयाचे ठरविले तेव्हा सांगणारी उरली नव्हती.