जिओपॉलिमर आणि आग

१९७० च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील सँ-लोराँ-द्यु-पाँ येथील नृत्यगृह जळून १४६ जण मृत्युमुखी पडले. आतील प्लास्टिकने आग भडकविली होती. अशा दुर्घटनांनंतर जोसेफ डाविदोव्हिट्स हे रसायनज्ञ न जळणाऱ्या बहुवारिकांच्या शोधास लागले. जिओपॉलिमर हे त्याचे फळ होय. साध्या सिमेंट-काँक्रीटातील कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुमारे ४५० अंश सेल्सिअसला विघटित होते; ताकद खालावण्याचे ते एक कारण. कोळशाच्या राखेपासून केलेल्या जिओपॉलिमरात ते जवळजवळ नसतेच. मात्र न जळणे निराळे, भार पेलणे निराळे. नुसत्या लगद्याची ताकद तापविल्यावर कधी वाढलेलीही आढळते. परंतु तुळई काही नुसत्या लगद्याची ओतीत नाहीत. खडी आली की तापता लगदा आकसतो, खडी फुगते, सांध्यांत भेगा पडतात आणि ठोकळा बहुधा दुबळाच होतो.