पोट कशावर?

भाचीला मालवण सोडून पुण्याला बास्केटबॉल शिकायला जायचंय. ताईचा एकच सवाल, “आणि पोट कशार भरुचा?” सवाल खोटा नाही. अमेरिकेत १९९७ साली डब्ल्यूएनबीए सुरू झाली. आपल्याकडे महिलांची तशी लीग रुजलीच नाही. इथल्या कित्येक खेळाडूंना तारलं ते रेल्वेच्या नोकरीनं. पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळली. २०१७ साली बंगळुरूत आशिया चषकाच्या ‘ब’ गटातल्या अंतिम सामन्यात भारतानं कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, वरच्या गटात जागा मिळवली. दोन गुणांचा फरक! शिरीन त्या संघात होती. मी हे रंगून सांगत होतो. ताईनं एवढंच उचललं, “रेल्वेत? तेंका टीसी करतत काय रे?”