लोखंडाचे इलेक्ट्रॉन आणि सेमाडोहची लाल माती

सेमाडोहला सिपना नदीच्या पात्रातला दगड काळा आहे. तिथून परतवाड्याकडे निघालं की घाटात, जिथं डोंगर कापून रस्ता काढलाय, तिथला मुरूम तांबूस दिसतो. दगड मुळात एकच, बेसाल्ट. त्यातलं लोखंडही तेच. ताज्या दगडात लोखंडाच्या बहुतेक अणूंनी दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. हवापाण्याने दगड कुजला की तिसराही जातो आणि माती लाल होते.

घरातल्या मुलांचा अभ्यास घेताना मी हे उदाहरण देतो, कारण संयुजेचा धडा लोखंडापाशी हमखास अडतो. सोडियमचं सोपं आहे: २, ८, १. शेवटच्या कवचात एक इलेक्ट्रॉन, संयुजा एक. मॅग्नेशियम २, ८, २, म्हणून दोन. ॲल्युमिनियमचे तीन. मग लोखंडाचा अणुअंक २६, संरूपण २, ८, १४, २. मुलं म्हणतात, दोन. मग गंजात तीन कसे?

उत्तर त्या चौदात दडलंय. त्यातले आठ तिसऱ्या कवचाच्या आतल्या दोन उपकवचांत पक्के बसलेले असतात. उरलेले सहा ‘३ डी’ या उपकवचात असतात आणि बाहेरचे दोन ‘४ एस’मध्ये. लोखंडासारख्या संक्रमण धातूत हे सहा आणि दोन, असे आठही संयुजा इलेक्ट्रॉन मोजायचे. मात्र आठ आहेत म्हणून आठही खर्च होत नाहीत. ‘४ एस’ हे ‘३ डी’च्या आधी भरतं, पण रिकामं होतानाही तेच आधी होतं. ते दोन गेले की ‘३ डी’त सहा उरतात. तिथं खोल्या पाच, म्हणजे एका खोलीत दोघे दाटीवाटीने. त्यातला एक निघून गेला की पाच खोल्यांत पाच जण सुटसुटीत राहतात. म्हणून तिसरा इलेक्ट्रॉन सहज जातो आणि चौथा काढणं अवघड होतं. म्हणजे संरूपण पाहून किती इलेक्ट्रॉन हाताशी आहेत ते कळतं. खर्च किती होतील, ते शेजारी कोण आहे त्यावर ठरतं.

ही मोजणी शंभर-सव्वाशे वर्षांचीच. प्रत्येक मूलद्रव्याची जोडण्याची ताकद ठरावीक असते, हे फ्रँकलंडने १८५२ मध्ये मांडलं तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हता. तो थॉमसनला १८९७ मध्ये सापडला. १९१३ मध्ये मोझलीने क्ष-किरणांच्या मोजमापातून मूलद्रव्यांचे अणुअंक पक्के केले, त्यात लोखंडाचे २६ होते. (हा मोझली दोन वर्षांनी गॅलिपोलीत उस्मानी फौजेशी लढताना मारला गेला. वय २७. इतका कामाचा माणूस खंदकात पाठवायची अक्कल कुणाची, असं अजूनही वाटतं.) १९१६ मध्ये लुईसने बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरून बंध समजावले, आणि आतलं कवच मागाहून भरण्याचा हा उलटा प्रकार बोर आणि ब्युरी यांनी १९२१च्या सुमारास उलगडला.

लोखंडाची ही दोन रूपं हाताळणारे मात्र फार जुने. आपण मराठीत सहज ‘किमया’ म्हणतो, तो शब्द अरबी ‘किमिया’. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेला अर-राझी हा हकीम आणि किमयागार. त्याने पदार्थांचे वर्ग पाडले तेव्हा धातू वेगळे ठेवले आणि ‘झाज’ वेगळे. हिराकस हा त्या झाजांपैकी एक. किमयागार धातूचा रंग पालटू शकतात, जात नाही, असं इब्न सीनाने अकराव्या शतकात बजावलं होतं. लोखंडाचं सोनं होत नाही, इतपत तो बरोबरच होता. हिराकसाचा रंग का पालटतो, हे सांगायला मात्र त्याच्याकडे साधन नव्हतं.

हिराकस म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड आणि सल्फेट. रंग फिका हिरवा. मेळघाटच्या जंगलात मिळणारा हिरडा उकळून त्या पाण्यात हिराकस टाकला की हवेतला प्राणवायू तिसरा इलेक्ट्रॉन काढून घेतो. लोखंड हिरड्यातल्या टॅनिनशी जखडलं जातं आणि काळी शाई तयार होते. फारसी लिहिणाऱ्यांची मुख्य शाई काजळाची असली, तरी ही हिरडा-हिराकसाची शाईही आपल्याकडे जुनी.

तोच हिराकस औषध झाला. फ्रान्समध्ये ब्लो नावाच्या डॉक्टरने १८३२ मध्ये त्याच्या गोळ्या फिकट पडलेल्या मुलींना दिल्या. आज मेळघाटात आशाताई गरोदर बाईला लाल गोळी देतात, तिच्यातही तेच दोनवालं लोखंड, ६० मिलिग्रॅम, सोबत फॉलिक ॲसिड. १८० दिवस, रोज एक. (विदर्भात सिकलसेलही आहे. त्याचं मूळ जनुकात आहे, लोखंडाच्या कमतरतेत नाही, म्हणून तपासणी करून घ्यावी.) ही गोळी चहाबरोबर घेणारे मी घरोघर पाहिलेत, आपल्या मोहल्ल्यातही. चहातही टॅनिन असतं. म्हणजे शाईच्या दौतीत जे होतं, तेच पोटात सुरू होतं आणि लोखंड अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घेतली तर उलट घडतं. लिंबातलं क जीवनसत्त्व लोखंडाला इलेक्ट्रॉन परत देतं आणि त्याला दोनवर राखतं.

आतड्याच्या पेशीत लोखंड दोनवालंच शिरतं. रक्तात उतरताना तिसरा इलेक्ट्रॉन जातो, कारण त्याला वाहून नेणारं प्रथिन तीनवालंच धरतं. हिमोग्लोबिनमध्ये बसताना ते पुन्हा दोनवर येतं. तिथं कुठल्या कारणाने तिसरा इलेक्ट्रॉन गेलाच, तर लोखंडाचा तो अणू प्राणवायू धरू शकत नाही आणि रक्त चॉकलेटी दिसू लागतं.