मूळ फाइल आणि प्रकाशित पान : संकेतस्थळांच्या पुनर्प्राप्तीचा इतिहास

संकेतस्थळ हरवले असे म्हटले जाते तेव्हा नेमके काय हरवलेले असते, हे ते स्थळ कोणत्या साधनाने बांधले होते यावर अवलंबून असते. म्हणूनच ही साधने गेल्या तीस वर्षांत कशी आली आणि कशी बंद पडली हे पाहिल्याशिवाय पुनर्प्राप्तीच्या आजच्या पद्धतींचा अर्थ नीट लागत नाही. १९९५ नंतरच्या दीड-दोन दशकांत, संगणकाची भाषा न येणाऱ्या माणसालाही पाने रचता यावीत म्हणून अनेक सॉफ्टवेअर बाजारात आली आणि त्यांपैकी बहुतेक त्यांच्या कंपन्यांनी पुढे गुंडाळली. या साधनांच्या स्वतःच्या फाइली आज उघडणे कठीण झाले आहे. उलट, त्यांच्यातून बाहेर पडलेली आणि निर्माते ज्यांना केवळ अंतिम उत्पादन समजत होते ती प्रकाशित पाने कोणत्याही ब्राउझरमध्ये अजून वाचता येतात. बांधणाऱ्याची प्रत नष्ट व्हावी आणि वाचकाची प्रत टिकावी, हेच या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

आरंभी हा भेद अस्तित्वातच नव्हता. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये लिहिलेला पहिला ब्राउझर हा पाने वाचण्याचे आणि लिहिण्याचे एकच साधन होता, आणि त्यातील पान एचटीएमएल या खुणांच्या भाषेतील साध्या मजकुराची फाइल होते. शीर्षक कोणते, परिच्छेद कोठे सुरू होतो, दुवा कोठे नेतो, हे सांगणाऱ्या खुणा मजकुरातच लिहिलेल्या असल्यामुळे जी फाइल लिहिणाऱ्याकडे असे तीच वाचणाऱ्याकडे जाई. १९९३ मध्ये आलेल्या ‘मोझॅक’ या ब्राउझरने वेब सर्वसामान्यांपर्यंत नेले, पण त्याने वाचण्याचेच काम उचलले आणि लिहिणे साध्या मजकूर-संपादकावर सोपवले गेले, तरीही फाइल एकच राहिली. जगातील पहिल्या संकेतस्थळाची सर्वांत जुनी अवस्था जपली गेली नाही, कारण पाने सतत त्याच जागी बदलली जात होती. २०१३ मध्ये सर्नने ते स्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले ते १९९२ मधील एका प्रतीच्या आधारे, आणि अशा रीतीने वेबचे आद्य पानसुद्धा आज पुनर्प्राप्त प्रतीच्या रूपातच पाहायला मिळते.

दृश्य संपादकांच्या, म्हणजे पडद्यावर जसे दिसते तसेच पान घडवणाऱ्या साधनांच्या, युगाचा प्रारंभ १९९५ च्या सुमारास झाला. अमेरिकेतील केंब्रिज येथे चार्ल्स फर्ग्युसन आणि रँडी फोरगार्ड यांनी स्थापन केलेल्या ‘व्हर्मीर टेक्नॉलॉजीज’ने त्या वर्षी ‘फ्रंटपेज’ बाजारात आणले, आणि जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी सुमारे १३ कोटी डॉलरना विकत घेतली. नवा मालक आला तरी जुन्या नावाच्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत. फ्रंटपेज सर्व्हरवर जे छुपे फोल्डर तयार करी, त्यांच्या नावांच्या आरंभी ‘व्हीटीआय’ ही व्हर्मीरची आद्याक्षरे असत, आणि एखादे जुने स्थळ याच साधनाने बांधले होते हे ओळखण्यासाठी ती आजही उपयोगी पडतात. फ्रंटपेजने आपली पाने एचटीएमएलमध्येच ठेवली, हा पुनर्प्राप्तीच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण होता. मात्र भेटसंख्या दाखवणारा गणक, अभिप्रायाचा तक्ता, स्थळांतर्गत शोध अशा सोयी पानात केवळ टिपणाच्या स्वरूपात लिहिलेल्या असत, आणि त्यांचे प्रत्यक्ष काम सर्व्हरवर बसवलेली ‘एक्स्टेन्शन’ नावाची पूरक प्रणाली करी. २००३ ची आवृत्ती शेवटची ठरून २००६ मध्ये फ्रंटपेज बंद झाले आणि कालांतराने सर्व्हरचालकांनी ही पूरक प्रणाली काढून टाकली. त्यामुळे परत मिळवलेल्या फ्रंटपेज-स्थळात मजकूर आणि चित्रे सुस्थितीत असतात, तर गणक आणि तक्ते निर्जीव झालेले असतात.

दुसऱ्या परंपरेतील साधनांनी वेगळा मार्ग निवडला. १९९६ मधील ‘नेटऑब्जेक्ट्स फ्यूजन’, २००६ मधील ॲपलचे ‘आयवेब’ आणि २०१२ मधील अडोबीचे ‘म्यूझ’ ही सॉफ्टवेअर संपूर्ण स्थळाचा आराखडा स्वतःच्या खाजगी स्वरूपाच्या फाइलमध्ये साठवीत आणि ‘प्रकाशित करा’ अशी आज्ञा दिली की त्या आराखड्यावरून एचटीएमएल पाने नव्याने निर्माण करीत. छापखान्याच्या पद्धतीशी परिचित असलेल्या रचनाकारांना ही विभागणी स्वाभाविक वाटली, शिवाय तिच्यामुळे एका ठिकाणी केलेला बदल सर्व पानांवर एकदम उमटवता येई. पण हा मार्ग एकेरी होता: आराखड्यावरून पान तयार होई, पानावरून आराखडा परत मिळत नसे. आयवेब किंवा म्यूझ यांना स्वतःच निर्माण केलेले एचटीएमएल पान पुन्हा संपादनासाठी उघडता येत नसे. म्हणून आराखड्याची फाइल गेली की सर्व्हरवर स्थळ धडधाकट असूनही त्याच्या मालकाला त्यातील एक स्वल्पविरामसुद्धा त्या साधनाने बदलता येत नसे.

या कोंडीचे सर्वांत ठळक उदाहरण आयवेबचे आहे. जानेवारी २००६ मध्ये ‘आयलाइफ’ या संचाचा भाग म्हणून आलेल्या या साधनाने कौटुंबिक छायाचित्रे, प्रवासवर्णने, छोट्या संस्थांची माहिती अशा असंख्य घरगुती स्थळांना जन्म दिला. सर्व स्थळांचा आराखडा ‘डोमेन’ नावाच्या एकाच फाइलमध्ये राही, आणि ती फाइल वापरकर्त्याच्या ‘लायब्ररी’ फोल्डरच्या आत, सहसा कोणी डोकावत नाही अशा जागी असे. आपले काम कोठे साठवले जाते हे ठाऊक असण्याची गरजच पडू नये अशी तिची योजना होती, आणि त्यामुळे संगणक बदलताना ती फाइल हमखास मागे राही. जुलै २०११ मध्ये आलेल्या ‘लायन’ या कार्यप्रणालीने तो फोल्डर डिफॉल्टने दृष्टिआडच केला. त्याच वर्षी ॲपलने ‘मोबाइलमी’ ही सेवा बंद करण्याचे जाहीर केले. आयवेबची बहुतेक स्थळे तिच्याच सर्व्हरवर असल्यामुळे ३० जून २०१२ रोजी ती सेवा थांबताच, ज्यांनी आपली पाने अन्यत्र हलवली नव्हती त्यांची प्रकाशित प्रतही सार्वजनिक वेबवरून नाहीशी झाली. साधनाचा विकास थांबणे, आराखड्याची फाइल हरवणे आणि सर्व्हर बंद होणे या तीन स्वतंत्र घटना होत्या. त्या एकापाठोपाठ एक आल्या म्हणून नुकसान संपूर्ण झाले. पुढे २०१९ च्या ‘कॅटलिना’ या कार्यप्रणालीने आयवेबसारखे ३२-बिटी प्रोग्रॅम चालवणेच बंद केले, तेव्हा डोमेन फाइल जपून ठेवणाऱ्यांनाही ती उघडण्यासाठी जुना मॅक किंवा जुनी कार्यप्रणाली हाताशी ठेवावी लागली.

अशा स्थितीत पुनर्प्राप्तीचे तीन मार्ग प्रचारात आले. पहिला मार्ग संगणकाच्या बॅकअपचा: २००७ पासून मॅकमध्ये आलेल्या ‘टाइम मशीन’ या सोयीने बाह्य डिस्कवर जुन्या तारखांच्या प्रती ठेवल्या जात, आणि डोमेन फाइल सापडण्याची सर्वाधिक शक्यता तेथेच असे. दुसरा मार्ग सर्व्हरचा: स्थळ अजून चालू असेल तर एफटीपी या फाइल-वाहतुकीच्या पद्धतीने सर्व फोल्डर उतरवून घेता येतात, आणि सर्व्हरचा परवलीचा शब्दही हरवला असेल तर ‘एचटीट्रॅक’ किंवा ‘डब्ल्यूगेट’ यांसारखी साधने वाचकाप्रमाणे एकेका दुव्यावरून फिरत स्थळाची संपूर्ण प्रत तयार करतात. तिसरा मार्ग, म्हणजे स्थळ जगाच्या दृष्टीने नाहीसे झाल्यानंतरचा मार्ग, संग्रहाचा आहे.

हा संग्रह म्हणजे सॅन फ्रान्सिस्को येथील ‘इंटरनेट आर्काइव्ह’. ब्रुस्टर काहल यांनी १९९६ मध्ये ही संस्था स्थापन केली, आणि तिने जमवलेली जुनी पाने २००१ पासून ‘वेबॅक मशीन’द्वारे सर्वांसाठी खुली झाली. तिचे स्वयंचलित प्रोग्रॅम वेबवर फिरून पानांच्या प्रती घेतात आणि प्रत्येक प्रतीवर वर्षापासून सेकंदापर्यंतचा १४ अंकी काळशिक्का मारतात. पानाचा मजकूर, चित्रे आणि मांडणीच्या फाइली वेगवेगळ्या वेळी टिपल्या जात असल्यामुळे वाचकासमोर येणारे पान अनेकदा निरनिराळ्या दिवसांच्या तुकड्यांनी जोडलेले असते. म्हणून जुने स्थळ काळजीपूर्वक पुन्हा उभारणाऱ्याला, हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत करावी लागते तशी, कोणता तुकडा कोणत्या तारखेचा याची छाननी करावी लागते. पान दाखवताना संग्रह त्यातील दुवे स्वतःच्या पत्त्याकडे वळवतो आणि वर आपली पट्टी जोडतो. त्यामुळे उतरवलेल्या प्रतीतून ही भर काढून दुवे मूळ रूपात आणणे हे पुनर्प्राप्तीतील पहिले किचकट काम असते. याशिवाय संग्रहाने दीर्घकाळ पाळलेला एक संकेत घातक ठरला: प्रती घेणाऱ्या प्रोग्रॅमना मज्जाव करणारी ‘रोबोट्स’ नावाची सूचना-फाइल एखाद्या पत्त्यावर ठेवली की त्या पत्त्याच्या पूर्वीच्या प्रतीही दाखवल्या जात नसत, आणि मुदत संपलेले डोमेन नाव विकत घेतलेल्या परक्या मालकाने ती ठेवली तरी परिणाम तोच होई.

संग्रहाच्या कार्याला सामूहिक बचावमोहिमेचे रूप आले ते ‘जिओसिटीज’च्या अंतामुळे. १९९४ मध्ये सुरू झालेली आणि १९९९ मध्ये याहूने घेतलेली ही मोफत जागा देणारी सेवा २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेत बंद झाली, तेव्हा त्याच वर्षी जमलेल्या ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने शक्य तितकी पाने उतरवून घेतली आणि पुढच्या वर्षी सुमारे ६५० गिगाबाइटचा साठा सार्वजनिक केला. याच गटाने २०१२ मध्ये मोबाइलमीवरील पानांसाठीही मोहीम चालवली. या घटनांपूर्वी पुनर्प्राप्ती ही एकट्या मालकाची अडचण मानली जाई. त्यानंतर ती सार्वजनिक जतनाचा प्रश्न म्हणून ओळखली जाऊ लागली.

परंतु प्रकाशित प्रत हाती आली म्हणजे संकेतस्थळ परत आले असे नेहमीच घडत नाही. आयवेब सावलीसारखे परिणाम दिलेल्या मजकुराचे चित्रात रूपांतर करी, आणि अशा पानावरील अक्षरे दिसतात पण निवडता, शोधता किंवा बदलता येत नाहीत. संपूर्ण स्थळ ‘फ्लॅश’ या तंत्रज्ञानात बांधण्याची पद्धत असलेल्या काळात तर प्रकाशित फाइलसुद्धा ब्राउझरला स्वतःहून वाचता येत नसे, २०२० च्या अखेरीस अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतल्यावर ती स्थळे ‘रफल’सारख्या अनुकरण-प्रणालीशिवाय उघडेनाशी झाली. प्रकाशन केवळ सार्वजनिक असून भागत नाही, त्याचे स्वरूपही उघड आणि सर्वांना ज्ञात असावे लागते.

याच मर्यादेचा मराठी वेबशी थेट संबंध आहे. देवनागरीला युनिकोड या अक्षरसंकेत-प्रणालीच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच स्थान मिळाले होते, तरी घरगुती संगणकांवर त्याचा आधार ‘विंडोज २०००’नंतर हळूहळू पसरला, तोपर्यंत मराठी संकेतस्थळे पुण्याच्या सी-डॅकचा ‘डीव्ही-टीटी योगेश’ किंवा मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ अशा फॉन्टांवर उभी होती. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरी अक्षरांचे अवयव बसवलेले असत, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी असे. वाचकाकडे फॉन्ट नसला तरी पान दिसावे म्हणून तो पानासोबत पाठवण्याची ‘डायनॅमिक फॉन्ट’ पद्धत आली; पण नेटस्केप या ब्राउझरने आपली पद्धत २००० च्या सहाव्या आवृत्तीत सोडून दिली, तर इंटरनेट एक्स्प्लोररची पद्धत फॉन्टला ठरावीक पत्त्याशी बांधून ठेवण्याची मुभा देई, त्यामुळे असे पान दुसऱ्या पत्त्यावर हलवले की फॉन्ट चालत नसे. परिणामी त्या काळातील मराठी पान संग्रहातून अक्षरशः पूर्ण मिळूनही पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची रांग उमटते.

अशा पानाचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हे अक्षरास अक्षर ठेवण्याइतके सरळ नाही. जुन्या फॉन्टांत अवयव डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवले जात, म्हणून ‘किती’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी क-च्या आधी येई आणि ‘सर्व’मधील रफार व-च्या नंतर येई, युनिकोडमध्ये मात्र क्रम उच्चाराचा असतो, म्हणजे वेलांटी क-नंतर आणि र व-च्या आधी. रूपांतरकाला फॉन्टची मांडणी ओळखून शिवाय जोडाक्षराची सीमाही ठरवावी लागते, आणि फॉन्टचे नाव पानाच्या कोडमध्ये नोंदलेले राहिले असेल तरच हे काम खात्रीने करता येते.

प्रकाशित प्रतीचे हे महत्त्व मान्य झाल्यानंतर साधनांच्या जगात दोन परस्परविरुद्ध प्रवाह दिसू लागले. एकीकडे २००८ मधील ‘जेकिल’सारख्या साधनांनी लेखकाची मूळ फाइल पुन्हा साध्या मजकुराची केली, आणि त्यामुळे साधन बंद पडले तरी लेखन वाचता येण्याची हमी राहिली. दुसरीकडे ‘विक्स’सारख्या सेवांनी रचना करण्याचे काम ब्राउझरमध्ये आणि आराखडा कंपनीच्या सर्व्हरवर नेला, तेथे बांधलेले स्थळ उचलून दुसऱ्या सर्व्हरवर चालवण्याची सोय नाही, म्हणजे आयवेबच्या वापरकर्त्याकडे निदान लपलेली का होईना डोमेन फाइल होती, तीही येथे मालकाच्या संगणकावर नसते. शिवाय आजची बरीच पाने वाचकाच्या ब्राउझरमध्ये प्रोग्रॅम चालल्यानंतरच पूर्ण आकार घेतात, आणि संग्रहाला अशी पाने जुन्या स्थिर पानांइतकी संपूर्ण टिपता येत नाहीत. बंद पडलेल्या साधनांच्या पहिल्या पिढीत आराखडा गमावलेल्यांना सर्व्हरवरील किंवा संग्रहातील उघड्या स्वरूपाच्या पानांनी तारले. बांधणाऱ्याकडे फाइल नाही आणि संग्रहाकडे अपुरी प्रत, अशा व्यवस्थेत एखादी सेवा बंद झाली तर तो आधारही उरणार नाही, आणि म्हणून आपली पाने साध्या स्वरूपात वेळोवेळी उतरवून स्वतःजवळ ठेवणे ही जबाबदारी पुन्हा स्थळाच्या मालकावरच येते.