ताकद चालते, मैदान चालत नाही

१९५४ साली अलीगढच्या हमीदा बानू पहिलवानाने जाहीर केलं, की कुस्तीत जो मला हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. त्याच वर्षी बडोद्यात बाबा पहिलवान तिच्यासमोर १ मिनिट ३४ सेकंद टिकला. आपल्या मुलखाने मात्र तिला सुखाने लढू दिलं नाही. पुण्यात रामचंद्र साळुंक्यांशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात तिने पुरुष मल्लाला हरवलं, तर लोकांनी दगड मारले. नवरा बायकोपेक्षा वरचढ हवा, ही रीत हमीदानेही मानली होती. फक्त तो वरचढपणा तिने चारचौघांत सिद्ध करायला सांगितला, आणि तेवढंही लोकांना सोसलं नाही.

बाईच्या ताकदीचं हे वावडं मला आजही दिसतं. मी बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यात मुलींना खो-खो शिकवते. आमच्या बालाघाटातली गावं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची आगाऊ उचल त्या जोडीला मिळते. म्हणून टोळी निघण्याआधी पोरींची लग्नं उरकत आली. कारखान्याच्या दारातच लागलेल्या लग्नाला ‘गेटकेन’ असं नाव पडलं. १९७८ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १८ केलं, तरी उचलीची निकड थांबली नाही.

सून बघताना इथे अंगातली ताकदच बघतात. डोक्यावर मोळी घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढली पाहिजे. आणि तीच पोरगी मैदानात पळाली, पोटऱ्या भरल्या, की बायका म्हणतात, ‘पुरुषी दिसाया लागली, आता स्थळ कुठून येणार?’ म्हणजे ताकद खुपत नाही. ती पोरगी स्वतःसाठी वापरते, हे खुपतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवणाऱ्या भारताच्या मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आपल्याच बीड जिल्ह्यातली, केज तालुक्यातली. तिचं नाव घेतलं की आता आईबाप थांबून ऐकतात.

त्यांना मी एकच सांगते. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची यादी होते, तेव्हा पोरीच्या सरावाचंही बोलून घ्या. लग्नानंतर ती खेळणार, हे मुलाकडच्यांकडून चारचौघांत वदवून घ्या. ज्या मुलाला हे कबूल नाही, त्याची जमीन कितीही एकर असो, तो तुमच्या पोरीच्या तोलाचा नाही.