दोन ठोक्यांमधले अंतर

1707 मध्ये जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरने नाडी मोजण्यासाठी खास घड्याळ पुढे आणले. ते एक मिनिट चालून थांबे. मिनिटाला ठोके किती, एवढाच त्याचा प्रश्न होता. पुढे प्रश्न बारीक झाला: एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर दर वेळी किती बदलते? निरोगी हृदय तालात चुकतमाकतच चालते. श्वास घेताना घाई करते, सोडताना रेंगाळते.

या बारीक फरकाचे मोल 1987 मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या 808 रुग्णांपैकी ज्यांच्या ठोक्यांतील अंतरांचे प्रमाण विचलन 50 मिलिसेकंदांहून कमी होते, त्यांना मृत्यूचा धोका 100 च्या वर असलेल्यांपेक्षा 5.3 पट होता.

पण मिलिसेकंद मोजायचे कशाने? आइन्थोव्हेनच्या यंत्रात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तारेची सावली प्रकाशसंवेदी पट्टीवर अखंड रेघ उमटवी. संगणक आला आणि रेघेचे ठिपके झाले. सेकंदाला 128 ठिपके, म्हणजे दोन ठिपक्यांत जवळजवळ 7.8 मिलिसेकंद. ठोक्याचे टोक नेमके मधल्या फटीत पडले, तर यंत्र त्याला शेजारच्या ठिपक्यावर बसवते.

मी हिशेब मांडून पाहिला. या सरकवण्याने अंतरांत सुमारे 3.2 मिलिसेकंदांचे खोटे विचलन मिसळते. विचलनांची थेट बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. म्हणून खरे विचलन 50 असेल तर यंत्र 50.1 सांगेल, कोणाचे काही बिघडत नाही. खरे विचलन 5 असेल तर मात्र 5.9 दिसेल. लागोपाठच्या अंतरांतील फरकावर बेतलेल्या मापात तर 5 चे जवळजवळ 7.5 होतात. प्रत्यारोपित हृदयाची व्हेगस नस तुटलेली असते, मधुमेहात ती झिजते. अशाच माणसांत आकडे इतके लहान असतात. म्हणजे यंत्राची उणीव निरोगी माणसाला जाणवत नाही, पण ज्याचे हृदय सर्वांत ताठर झाले आहे त्याला ती थोडे लवचीक ठरवते. मला हे विलक्षण वाटते आणि थोडे भयावहही.

1996 मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संयुक्त समितीने सेकंदाला 250 ते 500 किंवा त्याहून जास्त नमुने घ्यावेत असे सुचवले. त्याहून कमी, पण निदान 100 असतील, तर टोकाभोवतीच्या ठिपक्यांतून परवलय काढून खरे टोक गणिताने शोधावे, अशी सवलत दिली. तेव्हापासून एखाद्या निबंधात लहान आकडा दिसला, की मी आधी पद्धतीच्या परिच्छेदात हर्ट्झ शोधतो.